गोळी आणि जबानी
(र. धों. कर्वे यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



कर्व्यांच्या स्मरणार्थ बोलायचं आणि विषय मात्र सोवळा निवडायचा, हे मला पटलं नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. आज मी अमेरिकेत देहविक्रय करणाऱ्या पुरुषांबद्दल बोलणार आहे. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायची एक गोळी आहे, ती त्यांच्यापर्यंत का पोचत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी आत्ताच जावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

रघुनाथराव कर्व्यांनी 'गुप्तरोगापासून बचाव' हे पुस्तक लिहिलं तेव्हा पेनिसिलिन यायचं होतं. रोग झाल्यावर काय करावं यापेक्षा तो होऊ नये म्हणून काय करावं हे सांगण्यावर त्यांचा भर होता, आणि लोक नेमके त्यावरच चिडले. भीती काढून घेतलीत तर माणसं ताळतंत्र सोडतील, असा आक्षेप होता. २०१४ साली अमेरिकेत हाच आक्षेप नव्या कपड्यांत आला. आणला कोणी, तर एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका बलाढ्य संस्थेच्या अध्यक्षांनी. एड्स हेल्थकेअर फाउंडेशनच्या मायकेल वाइनस्टीन यांनी या प्रतिबंधक गोळीला 'पार्टी ड्रग' म्हणून टाकलं. म्हणजे सनातन्यांनीच सोवळं पाळलं असं समजायचं कारण नाही.

कर्व्यांवरचा १९३४ सालचा अश्लीलतेचा खटला तुम्हाला माहीत आहे. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्यातला एक तपशील आज मला हवा आहे. आक्षेप होता तो वाचकांच्या खाजगी प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य' या त्यांच्या मासिकाने दिलेल्या उत्तरांवर. डॉक्टरसमोर बसून तोंडाने विचारायची ज्यांची छाती नव्हती, ते पोस्टाने विचारत होते. विचारता यावं, आणि विचारल्याची शिक्षा होऊ नये, एवढ्या एका सोयीसाठी तो माणूस कोर्टात उभा राहिला. अमेरिकेतली गोष्ट इथूनच सुरू होते.

गोळीची ओळख आधी करून देतो. निळी, लांबट गोळी, एका बाजूला गिलियड कंपनीचं नाव कोरलेलं, दुसऱ्या बाजूला ७०१ हा आकडा. नाव ट्रुवाडा. आत टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं. २००४ पासून ती एचआयव्ही झालेल्यांना उपचार म्हणून दिली जात होती. २०१० साली आयप्रेक्स नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा देशांतले जवळजवळ अडीच हजार पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया तीत होत्या. लागण ४४ टक्क्यांनी घटली. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, म्हणजे ज्यांनी गोळी नुसती घरी न नेता गिळली, त्यांच्यात ही घट नव्वद टक्क्यांच्या वर होती. १६ जुलै २०१२ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रतिबंधासाठी तिला मान्यता दिली. या उपायाला सगळे 'प्रेप' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

किमतीचं म्हणाल तर २०१९ च्या सुमारास महिन्याची छापील किंमत दोन हजार डॉलरच्या घरात गेली होती. ज्या संशोधनावर ही गोळी प्रतिबंधक ठरली, त्यात अमेरिकन सरकारचा पैसा होता. सरकारने पेटंटवरून कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०२३ साली ज्यूरीसमोर सरकार हरलं. पण आता जेनेरिक गोळ्या आल्या आहेत, त्यांत आपल्याकडच्या कंपन्यांच्याही आहेत आणि त्या स्वस्त आहेत. २०१९ साली सरकारी तज्ज्ञसमितीने प्रेपला 'ए' श्रेणी दिली, त्यामुळे बहुतेक खाजगी विमा कंपन्यांना ती रुग्णाकडून एक पैसाही न घेता द्यावी लागते. तेव्हा सगळं खापर किमतीवर फोडून मोकळं होता येत नाही.

तरी कोणाला मिळते? सीडीसी, म्हणजे तिथली रोगनियंत्रण संस्था, २०२२ च्या हिशोबात म्हणत होती की सुमारे १२ लाख अमेरिकनांना प्रेपचा फायदा होईल. त्या साली त्यांतल्या ३६ टक्क्यांना ती लिहून दिली गेली. हा आकडा वंशानुसार फोडला की खरं चित्र दिसतं: गोऱ्यांत ९४ टक्के, लॅटिनोंत २४, कृष्णवर्णीयांत १३. आणि देहविक्रय करणाऱ्या पुरुषांत? या प्रश्नाला रकानाच नाही. पुरुषाशी संबंध ठेवणारा पुरुष, सुईने नशा घेणारा, दोन्ही करणारा, असे रकाने तिथल्या एचआयव्हीच्या नोंदवहीत आहेत. पैसे घेऊन संबंध ठेवणारा पुरुष यांपैकी कुठल्यातरी रकान्यात विरघळून जातो. ज्याची मोजदाद नाही, त्याच्या नावाने अंदाजपत्रकात ओळही पडत नाही.

आता मी तुम्हाला प्रॉव्हिडन्सला नेतो. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यांत चिमुकलं राज्य, बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर. त्याची ही राजधानी. इथे २००८ साली 'प्रोजेक्ट वेबर' सुरू झाला. रस्त्यावर धंदा करणाऱ्या एका तरुणाचा काही वर्षांपूर्वी खून झाला होता, त्याच्या नावाने. ज्यांनी स्वतः हे आयुष्य काढलं, त्यांनीच चालवलेलं ठिकाण. पुढे बायकांसाठी काम करणाऱ्या 'रिन्यू' या प्रकल्पाशी त्याचं विलीनीकरण झालं.

याच शहरात कायद्याच्या अभ्यासक क्रिस्टन अंडरहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५६ पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांतले ३१ देहविक्रय करणारे, २५ न करणारे. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. डॉक्टरांवरचा अविश्वास धंदा करणाऱ्यांत अधिक होता, आणि त्याचं कारण फक्त समलिंगी संबंध नव्हतं. घर नाही, नशेची सवय आहे, अंगावर कपडे धड नाहीत, यांवरून दवाखान्यात झालेली वागणूक त्यांच्या डोक्यात बसली होती. इथवर आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. पुढचं मात्र मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रेप नावाचं काही असतं हे दोन्ही गटांत फार थोड्यांना माहीत होतं. आणि गोळी मिळणार असेल तर डॉक्टरला खरं सांगायला दोन्ही गट तयार होते.

यातली कोंडी बघा. डॉक्टर गोळीबद्दल बोलत नाही, कारण समोरचा काय करतो हे त्याला ठाऊक नाही. समोरचा काय करतो ते सांगत नाही, कारण सांगून काही मिळतं हे त्याला ठाऊक नाही. दोघेही एकमेकांची वाट बघत बसलेले, आणि दहा मिनिटांत भेटीची वेळ संपते. सीडीसीच्या २०१४ च्या मार्गदर्शनात देहविक्रय हे प्रेप देण्याचं एक कारण म्हणून स्वच्छ लिहिलेलं होतं. पण ते कारण रुग्णाने स्वतःच्या तोंडाने वदायचं होतं. म्हणून मी म्हणतो की ही गोळी पैशाआधी जबानी मागते.

ही जबानी कुठे कुठे द्यावी लागते ते जवळून पाहू. समजा माणूस पंचविशीतला आहे, कधी मित्राच्या सोफ्यावर झोपतो, कधी निवाऱ्यात. दवाखान्यात पहिला फॉर्म हातात येतो: पत्ता, फोन, विमा, सरकारी ओळखपत्र. पत्ता नाही. फोन आहे, पण नंबर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो. मग रक्त. एचआयव्हीची चाचणी, मूत्रपिंडाचं काम बघायला क्रिएटिनिन, कावीळ ब. निकालासाठी परत या. मग औषधाच्या दुकानात जा, तिथे काउंटरवर कळतं की विमा कंपनीची आगाऊ परवानगी अजून आलेली नाही. उद्या या. मग तीस गोळ्यांची बाटली मिळते. ही बाटली ठेवायची कुठे? खिशात खुळखुळते. निवाऱ्यातला शेजारी वाचतो आणि समजतो की याला एड्स झालाय, कारण हेच औषध झालेल्यांनाही देतात. पिशवी चोरीला जाते किंवा रात्रीच्या धरपकडीत हरवते. आणि दर तीन महिन्यांनी हे सगळं पहिल्यापासून. रात्रभर कामावर असलेल्या माणसाला सकाळी नऊची वेळ देणारा दवाखाना त्याच्यासाठी नसतोच, दारावर पाटी काही का असेना.

घर असलेल्यांचीही एक गंमत सांगतो. अमेरिकेत सव्विसाव्या वर्षापर्यंत मुलाला आईबापांच्या विम्यावर राहता येतं. सोय उत्तम. पण दवाखान्याला काय दिलं, कशाचं दिलं, याचा कागद साधारणपणे विमा ज्याच्या नावावर त्याच्या घरी येतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात तो लिफाफा आई फोडेल, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

आणि जो मुलगा तिथला नागरिकच नाही? तिथल्या स्थलांतर कायद्याप्रमाणे गेल्या दहा वर्षांत देहविक्रय केलेल्या परदेशी माणसाला देशात प्रवेश नाकारता येतो, गुन्हा शाबीत झालेला नसला तरी. असा विद्यार्थी डॉक्टरच्या टेबलावर कसली जबानी देणार?

फौजदारी कायद्याची तऱ्हा तर याहून वाकडी. २०१२ साली ह्यूमन राइट्स वॉचने न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या चार शहरांचा अहवाल काढला. खिशातले निरोध पोलिस धंद्याचा पुरावा म्हणून धरत होते. एक सरकारी खातं निरोध फुकट वाटत होतं, दुसरं सरकारी खातं तेच पुरावा म्हणून जप्त करत होतं. नंतर काही ठिकाणी नियम बदलले, पण खिशात काय ठेवावं आणि काय नाही हा धडा रस्त्यावरून इतक्या लवकर पुसला जात नाही.

टेनेसीत १९९१ पासून कायदा असा, की एचआयव्ही असल्याचं माहीत असताना धंदा केला तर साधा गुन्हा गंभीर होतो; २०२४ पर्यंत लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत जन्मभर नावही लागू शकत असे. २०२४ साली केंद्रीय न्यायखात्यानेच यावरून टेनेसी राज्यावर दावा लावला. या कायद्याचा प्रेपशी काय संबंध, असं वाटेल. प्रेपची पहिली पायरी एचआयव्हीची चाचणी आहे. चाचणी केली नाही तर 'माहीत असताना' हे शब्द लागूच होत नाहीत. त्या राज्यातल्या एखाद्या वकिलाने अशिलाच्या फक्त कायदेशीर हिताचा विचार केला, तर चाचणीपासून लांब राहा असाच सल्ला त्याला द्यावा लागेल. आरोग्याचा दरवाजा कायद्याने बाहेरून कडी लावून बंद केला आहे.

नेवाडाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मला राहवत नाही. तिथल्या काही ग्रामीण काउंट्यांत परवानाधारक कुंटणखाने कायदेशीर आहेत. पण पुरुषाला तिथे काम करता येत नव्हतं. त्याला मनाई करणारं कलम कुठेच नव्हतं. अडचण एवढीच होती, की परवान्यासाठी लागणारी तपासणी गर्भाशयमुखाची होती. ज्याला ते नाही, तो तपासणीत बसत नाही. २००९ च्या अखेरीस राज्याच्या आरोग्य मंडळाने मूत्रमार्गाची तपासणी चालेल असं मान्य केलं, तेव्हा कुठे जानेवारी २०१० मध्ये पहिला पुरुष कामाला लागला. धंदा करणारी ती बाईच, ही समजूत सगळ्यांच्या डोक्यात इतकी घट्ट, की नियम लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलंच नाही.

हे झालं रस्त्याचं आणि कुंटणखान्यांचं. इंटरनेटवर जाहिरात देऊन काम करणाऱ्या पुरुषांची स्थिती वेगळी आहे, आणि दोघांना एका पोत्यात घालणं चुकीचं ठरेल. त्यांच्यातल्या कित्येकांना प्रेप डॉक्टरांच्याही आधी माहीत होती. रेंटबॉय नावाचं संकेतस्थळ जवळजवळ दोन दशकं उघडपणे चालू होतं. २५ ऑगस्ट २०१५ रोजी त्याच्या न्यूयॉर्कच्या कचेरीवर धाड पडली. धाड घालणारं खातं होतं होमलँड सिक्युरिटीचं, म्हणजे दहशतवादापासून देश राखणाऱ्यांचं. संस्थापकाला पुढे सहा महिन्यांची कैद झाली. २०१८ च्या एप्रिलमध्ये बॅकपेज हे जाहिरातींचं संकेतस्थळ बंद पाडण्यात आलं आणि आठवड्याच्या आत, अशा जाहिरातींसाठी संकेतस्थळांना जबाबदार धरणाऱ्या फोस्टा कायद्यावर सही झाली. जाहिरातींच्या जागा गेल्या, धंदा गेला नाही. गिऱ्हाइकाशी आधी बोलून अटी ठरवायची सवड गेली, आणि आरोग्यसेवकांना ही माणसं जिथे एकगठ्ठा सापडत ती जागाही गेली.

गोळीची आणखी एक बाजू आहे आणि प्रेपचे कैवारी तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. 'मी प्रेपवर आहे' हे जाहिरातीत छापलं की गिऱ्हाईक निरोधाला नकार देतं आणि नकाराचे जादा पैसे देऊ करतं. पैशांची निकड असेल तर हा नकार परतवणं अवघड. गोळी एचआयव्ही अडवते. परमा आणि उपदंश अडवत नाही. म्हणून काही जण गोळी घेतात पण सांगत नाहीत, तर काही घेत नाहीत पण जाहिरातीत लिहितात. यात त्यांना दोष देऊन काय उपयोग? बाजारात जे विकलं जातं ते लोक पाटीवर लिहितात.

आता पुन्हा ऱ्होड आयलंड, कारण तिथे इतिहासाने नकळत एक प्रयोग करून ठेवला आहे. १९८० साली तिथला कायदा दुरुस्त करताना शब्दरचना अशी झाली, की बंद दाराआड चालणारा धंदा गुन्ह्यातून सुटला. कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. २००३ साली कोर्टात ते उघड झालं आणि २००९ च्या नोव्हेंबरात फट बुजवण्यात आली. मधल्या सहा वर्षांचा अभ्यास स्कॉट कनिंगहॅम आणि मनीषा शहा या अर्थशास्त्रज्ञांनी केला. स्त्रियांमधल्या परम्याच्या नोंदी चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या, बलात्काराच्या तक्रारीही सुमारे तीस टक्क्यांनी घटल्या. हे आकडे घरात चालणाऱ्या धंद्याच्या काळातले आणि स्त्रियांचे आहेत. रस्त्यावरचे पुरुष त्या सहा वर्षांतही गुन्हेगारच होते. पण कायद्याचा दात काढला की रोग हटतो याचं याहून चांगलं उदाहरण मला अमेरिकेत दिसलेलं नाही, आणि तेही विधिमंडळाच्या गबाळेपणातून मिळालेलं!

देहविक्रयाकडे गुन्हा म्हणून बघण्याची दृष्टी अमेरिकेने घरापुरती ठेवली असती तरी आपण दुरून हळहळलो असतो. पण ती निर्यात झाली. २००३ च्या कायद्याने अट घातली, की एड्ससाठी अमेरिकेचा पैसा हवा असेल तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण म्हणून जाहीर करावं. सांगलीच्या 'संग्राम'ने, मीना शेषू यांच्या संस्थेने, ही प्रतिज्ञा घेतली नाही आणि पैसा सोडला. ज्या बायकांबरोबर काम करायचं, त्यांच्या पोटापाण्याचा निषेध लिहून देऊन त्यांच्याच दारात कोणत्या तोंडाने जायचं? वेश्या अन्याय मुक्ती परिषद तिथलीच, आणि धंदा करणाऱ्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची 'मुस्कान' ही संघटनाही तिथलीच. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना तो दिलासा नाही, हे २०२० साली पुन्हा सांगितलं. २०१२ ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद वॉशिंग्टनला भरली, तेव्हा देहविक्रय करणाऱ्यांना व्हिसा मिळणार नव्हता, म्हणून त्यांनी आपला मेळावा त्याच आठवड्यात कोलकात्यात भरवला. ज्यांच्या रोगाबद्दल चर्चा, ते तेरा हजार किलोमीटरवर. त्याच कोलकात्यात दुर्बार आणि म्हैसूरला अशोदया या धंदा करणाऱ्यांच्याच संस्थांनी पुढे प्रेपचे प्रायोगिक प्रकल्प चालवले. गोळी देणारी आपल्यातलीच, त्यामुळे जबानीचा प्रश्नच उरला नाही. घेणाऱ्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या.

अमेरिकेतही जिथे हे जमलं तिथे असंच जमलं. सॅन फ्रान्सिस्कोत सेंट जेम्स इन्फर्मरी १९९९ साली याच लोकांनी याच लोकांसाठी काढली. न्यूयॉर्कच्या कॅलन-लॉर्ड दवाखान्यात देहविक्रय करणाऱ्यांसाठी विनामूल्य विभाग सुरू झाला. मॅथ्यू मिमियागा आणि केटी बियेलो या संशोधकांनी तर वेगळाच पर्याय तपासला: माणसाला नुसता दवाखान्याचा पत्ता न देता कागदपत्रं, विमा, बसचं भाडं, भेटीची वेळ या सगळ्यांत कोणीतरी त्याच्याबरोबर राहायचं. अशी सोबत मिळालेल्यांत गोळी सुरू करणारे अधिक निघाले.

शेवटी नव्या औषधाकडे वळतो. १८ जून २०२५ रोजी लेनाकापाविर या इंजेक्शनला अमेरिकेत प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. वर्षातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. खिशात खुळखुळणारी बाटली नाही, शेजाऱ्याने वाचण्यासारखी चिठ्ठी नाही. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांच्यासाठी याहून सोयीचं काही मला सुचत नाही. तिथली छापील किंमत तेव्हा वर्षाला २८,२१८ डॉलर होती. १२० देशांसाठी जेनेरिक बनवण्याचा परवाना गिलियडने सहा कंपन्यांना दिला, त्यांत आपल्या पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या दोन कंपन्यांचं इंजेक्शन २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचं ठरलं आहे. त्या १२० देशांत अमेरिका अर्थातच नाही; तिथे भिस्त विम्यावर. टेक्सासमधल्या ब्रेडवुड कंपनीच्या मालकाने धर्माच्या नावाखाली प्रेपचा विमा द्यायला नकार दिला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २७ जून २०२५ रोजी तिथे प्रतिबंधक सेवांचा विमा बहुतांशी तरला. पण विमा ज्याच्याकडे आहे त्याचाच तरला.

आणि सहा महिन्यांनी दुसरं इंजेक्शन द्यायची वेळ येईल, तेव्हा या माणसाला शोधायचं कोणी? डॉक्टर शोधणार नाही, विमा कंपनी तर नाहीच. तो रात्री कुठे उभा असतो, सध्या कोणत्या नंबरवर आहे, मागच्या महिन्यात आत होता की बाहेर, हे प्रोजेक्ट वेबरसारख्या ठिकाणच्या पगारी कार्यकर्त्याला माहीत असतं. अशा कामांच्या पगाराचा मोठा वाटा देशभर सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागाच्या अनुदानातून येतो. १ एप्रिल २०२५ रोजी त्या विभागातल्या अनेक शाखांमधल्या लोकांना घरी पाठवण्यात आलं. त्याआधी फेब्रुवारीतच परदेशी मदतीतल्या प्रेपवर बंधन आलं होतं, की ती फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना द्यावी. इंजेक्शन तयार आहे. ते टोचायला माणूस हुडकून आणणाऱ्याचा पगार कोण देणार, यावर तिथे सध्या वाद चालू आहे.